मुंबईच्या सहा खासदारांना खुलं पत्र : जे मानत नाही ते आमच्याकडून लिहून घेऊ नका

मुंबईच्या सहाही लोकसभा सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

आपण सहा जण चार पक्षांचे. आपलं एकमेकांशी किती पटतं ते आम्ही रोज संध्याकाळी बातम्यांत पाहतोच. तरी एका बाबतीत आपल्या चारही पक्षांवर एकच बंधन आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम २९अ चं पाचवं उपकलम सांगतं की ज्या संघटनेला राजकीय पक्ष म्हणून नोंदणी हवी, तिच्या घटनेत भारतीय संविधानावर आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांवर खरी श्रद्धा व निष्ठा ठेवण्याची स्पष्ट तरतूद हवी. देशाचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता राखण्याचीही हवी. हे कलम १९८९ पासून लागू आहे.

संविधान, लोकशाही, धर्मनिरपेक्षता, अखंडता यांतल्या कशावरही माझी हरकत नाही. हरकत एकट्या समाजवादावर आहे, आणि तीही समाजवादी माणसांवर नाही. महागाईविरुद्ध मृणालताई गोरे लाटणं घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा आमच्या आईचं लाटणंही त्या मोर्चात होतं. ज्याला समाजवादी व्हायचं त्याने खुशाल व्हावं, मतं मागावीत, निवडून यावं. पण जो समाजवादी नाही त्याने पक्ष काढण्याआधी 'मी आहे' असं लिहून द्यावं, हा कायद्याचा आग्रह मला गप्प बसून मान्य होत नाही.

आता माझा काय संबंध ते सांगतो. गिरगावात माझं विजेच्या सामानाचं छोटं दुकान आहे. आमच्या गल्लीतल्या काही मंडळींनी मिळून एक छोटा पक्ष काढायचं ठरवलं: दोन-तीन दुकानदार, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक बाई, एक निवृत्त बँक अधिकारी, डिलिव्हरीचं काम करणारी दोन मुलं. आमचा कार्यक्रम एका पानावर मावेल एवढा. धंद्याला परवाने कमीत कमी असावेत. माणसाच्या मालमत्तेला संविधानाचं पक्कं संरक्षण असावं. फेरीवाल्याला कायदेशीर जागा मिळावी, म्हणजे त्याचा हप्ता थांबेल. सरकारने शाळा, दवाखाने आणि गटारं नीट सांभाळावीत आणि बाकी ठिकाणी हात आखडता घ्यावा. तुम्हाला हे पटणार नाही कदाचित. पटावंच असंही नाही, त्यासाठी निवडणूक असते.

पक्षाच्या घटनेचा मसुदा लिहायला घेतला. नाव ठरलं, सभासदत्वाचे नियम ठरले, हिशेब तपासनिसाची तरतूद झाली. मग हे उपकलम आलं आणि आमच्यात उभी फूट पडली. बँकेतले काका म्हणाले, "लिहून टाका हो, कोण वाचतंय? सगळेच लिहितात." पोळीभाजीवाल्या बाईंनी विचारलं, "म्हणजे पहिल्याच पानावर खोटं लिहायचं आणि पुढच्या पानावर भ्रष्टाचार हटवा म्हणायचं?" त्यांच्या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. मसुदा तिथेच थांबला.

एवढंच असतं तर मी आपला वेळ घेतला नसता. आमची गल्ली म्हणजे काही देश नाही. पण याच उंबरठ्यावर आमच्या आधी एक असा पक्ष अडला होता, जो एके काळी लोकसभेत विरोधी बाकांवरचा सर्वांत मोठा पक्ष होता, आणि ज्याचं बरंचसं डोकं आपल्या या शहरात होतं.

स्वतंत्र पक्ष. पन्नाशीच्या आतल्या वाचकांना नावही ठाऊक नसेल.

जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. शेतकऱ्याने जमीन एकत्र करून कसावी, अशी ती कल्पना. तिच्याविरुद्ध उठलेल्यांत ऐंशी वर्षांचे राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) होते, आंध्रचे शेतकरी नेते प्राध्यापक रंगा होते, कन्हैयालाल मुनशी होते आणि मिनू मसानी होते. मद्रासला पक्षाची घोषणा झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत पहिलं अधिवेशन भरलं. निवडणूक चिन्ह तारा. सरकारी परवाने आणि कोटा यांच्या कारभाराला राजाजींनी 'परमिट-लायसन्स-कोटा राज' म्हटलं, आणि ते शब्द नंतर त्यांच्या विरोधकांच्याही तोंडी बसले.

मसानी तर मुंबईचेच. १९४३ साली या शहराचे महापौर झाले, पुढे संविधान सभेत गेले. आणि गंमत अशी की तरुणपणी नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण आणि इतरांबरोबर बसून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना मांडणाऱ्यांतही हेच होते. म्हणजे समाजवाद त्यांना ऐकून माहीत नव्हता. त्यांनी तो आधी स्वीकारला, तपासला आणि मग सोडला. आजच्या कायद्यानुसार अशा माणसाने नवा पक्ष काढायचा तर आपण जे विचारपूर्वक सोडलं त्यावर 'खरी श्रद्धा' आहे असं पुन्हा लिहून द्यावं लागेल.

१९६२ मध्ये आपल्या पहिल्याच लोकसभा निवडणुकीत पक्षाला १८ जागा मिळाल्या, १९६७ मध्ये ४४. ओडिशात राजेंद्र नारायण सिंहदेव मुख्यमंत्री झाले. गुजरातेत भाईकाकांच्या (भाईलालभाई पटेल) नेतृत्वाखाली पक्ष सत्तेच्या जवळ पोचला. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा १९६७ मध्ये मसानींपासून सुरू झाली. आपल्यापैकी जे आज विरोधी बाकांवर बसतात, त्यांच्या पक्षांना ही प्रथा पुष्कळदा उपयोगी पडली आहे.

या पक्षाची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. माझे वडील गिरणीत कामाला होते, लाल बावट्याचे. स्वतंत्र पक्षाचं नाव निघालं की ते "शेटजींचा पक्ष" एवढं म्हणून विषय संपवत. त्यात तथ्य होतं. राजेरजवाडे आणि जमीनदार या पक्षाला गर्दी आणून देत होते आणि फोर्टातले उद्योगपती पैसा. जयपूरच्या गायत्रीदेवी विक्रमी मतांनी निवडून आल्या, पण ती मतं परवाना राजच्या विरोधातली होती की राजघराण्याच्या पायाशी वाहिलेली होती, हे कुणी सांगावं? १९५९ मध्ये मराठी माणूस संयुक्त महाराष्ट्रासाठी जिवाची बाजी लावत होता. तेव्हा या पक्षाची मुंबईतली मंडळी इंग्रजीत पत्रकं काढत होती. लालबाग-परळमध्ये त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं. परिणाम असा की मुंबईचे मसानी राजकोटहून निवडून आले, मुंबईचे वास्तुविशारद पिलू मोदी गोध्र्याहून आणि नारायण दांडेकरांसारखा आयसीएस अधिकारी जामनगरहून. पक्षाचा मेंदू इथे आणि मतपेटी गुजरातेत. मराठी मतदाराला या पक्षाने कधी हाक मारली नाही, आणि मराठी मतदारानेही कधी ओ दिली नाही.

पक्ष ओसरला तोही झपाट्याने. १९६९ मध्ये इंदिराबाईंनी काँग्रेस फोडली, चौदा बँका ताब्यात घेतल्या आणि डाव्या बाजूची सगळी हवा आपल्या शिडात भरून घेतली. बँकांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात जाणारे रुस्तम कावसजी कूपर स्वतंत्र पक्षातलेच. नानी पालखीवालांनी त्यांची बाजू मांडली आणि फेब्रुवारी १९७० मध्ये ते जिंकलेही. पण न्यायालयातल्या विजयाने मतं मिळत नाहीत. त्याच १९६९ मध्ये कंपन्यांनी पक्षांना देणग्या देण्यावर बंदी आली. खेडोपाडी कार्यकर्ते नसलेल्या आणि कंपन्यांच्या धनादेशांवर चालणाऱ्या पक्षाचा श्वास तिथेच कोंडला. १९७१ मध्ये जनसंघ, संघटना काँग्रेस (काँग्रेसच्या फुटीतला इंदिराविरोधी गट) वगैरेंची स्वतंत्र पक्षासह बडी आघाडी झाली. त्या आघाडीच्या 'इंदिरा हटाव'ला 'गरिबी हटाव'ने असं उत्तर दिलं की स्वतंत्र पक्षाच्या ४४ च्या ८ जागा झाल्या. मसानी हरले आणि अध्यक्षपदावरून दूर झाले. डिसेंबर १९७२ मध्ये राजाजी गेले. पिलू मोदींनी थोडा काळ गाडा ओढला. इंदिराबाई विरोधकांना सीआयएचे हस्तक म्हणू लागल्या तेव्हा 'मी सीआयएचा एजंट आहे' अशी पाटी गळ्यात अडकवून संसदेत जाणारा हा माणूस. १९७४ मध्ये पक्ष चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन झाला. पंधरा वर्षांत सगळा खेळ आटोपला.

हे सगळं मतदारांनी केलं आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझी तक्रार त्यानंतरच्या भागापासून सुरू होते.

महाराष्ट्रातल्या काही मंडळींनी पक्ष संपला असं मानलं नाही. त्यांत एस. व्ही. राजू होते, पक्षाच्या जुन्या दिवसांपासून कार्यालयाचा भार वाहिलेले. नव्वदच्या दशकात, म्हणजे परवाना राज खुद्द काँग्रेसनेच मोडायला घेतल्यानंतर, त्यांना पक्ष पुन्हा उभा करावासा वाटला. आता नोंदणी लागणार होती आणि नोंदणीसाठी समाजवादावरची निष्ठा. जो पक्ष समाजवादाला विरोध करण्यासाठीच जन्मला त्याने हे कसं लिहावं? राजूंनी लिहिलं नाही. १९९६ मध्ये त्यांनी या तरतुदीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. याचिका वर्षानुवर्षं पडून राहिली. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी राज्यसभेत असताना २००५ मध्ये समाजवाद हा शब्द वगळण्यासाठी खासगी (म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं) विधेयक आणलं, तेही मार्गी लागलं नाही. दोघेही २०१५ मध्ये वारले.

म्हणजे मतदाराने हरवलेल्या पक्षाला मतदारासमोर पुन्हा जायची वाट कायद्याने बंद केली. ही माझी पहिली तक्रार. पक्ष चुकीचा असेल तर त्याला आम्ही पाडू. ते आमचं काम आहे, नोंदणीच्या अर्जाचं नव्हे.

दुसरी तक्रार पोळीभाजीवाल्या बाईंची. या कलमाने एकही समाजवादी निर्माण केलेला नाही. २४ जुलै १९९१ ला बहुतेक उद्योगांची परवाना पद्धत रद्द झाली, ती करणाऱ्या पक्षाला हेच कलम लागू होतं. पुढे सरकारी कंपन्या विकणाऱ्यांनाही तेच लागू होतं, आणि खासगीकरणाविरुद्ध मोर्चे काढणाऱ्यांनाही. डावे आणि उजवे दोघेही एकाच वाक्याखाली सही करतात तेव्हा त्या वाक्याला अर्थ उरत नाही, पण ते न लिहिणाऱ्याला शिक्षा मात्र होते. आता दुसरी बाजू पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेले ३३४ पक्ष यादीतून काढले. हे नुसते कागदावरचे पक्ष. या सगळ्यांची नोंदणी झाली होती, म्हणजे प्रत्येकाच्या घटनेत समाजवादावरची खरी श्रद्धा व्यवस्थित टाइप केलेली असणार. ते आत बसले आणि खोटं लिहायला नकार देणारे राजू बाहेर राहिले.

याला जोडूनच आणखी एक. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एकदा नोंदवलेल्या पक्षाची नोंदणी आयोगाला एरवी रद्द करता येत नाही, मात्र काही अपवाद आहेत. पक्षाने फसवणूक करून नोंदणी मिळवली असेल तर, आणि पक्षाने आपणहून आयोगाला कळवलं की आपली या तत्त्वांवर निष्ठा उरलेली नाही, तर. म्हणजे समाजवादाच्या उलट वागलात तरी चालेल. 'आम्ही आता तो मानत नाही' असं प्रामाणिकपणे कळवलंत तर नोंदणी जाऊ शकते. माझ्या दुकानात कुणी असा नियम लावला असता तर गिऱ्हाईक हसलं असतं.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त बोचते, कारण ती बाबासाहेबांशी संबंधित आहे. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत प्राध्यापक के. टी. शहा यांनी, हेही मुंबईचेच, भारत हे समाजवादी राज्य असेल असं संविधानात लिहावं म्हणून दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळातल्या लोकांनी ठरवायचं असतं. संविधानात ते आधीच बांधून टाकणं म्हणजे लोकशाहीच नष्ट करणं. लक्षात घ्या, हे बोलणारे आंबेडकर स्वतः मूलभूत उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची असावी या मताचे होते, १९४७ च्या आपल्या निवेदनात त्यांनी ते सविस्तर लिहिलं होतं. आपलं मत असूनही ते पुढच्या पिढ्यांवर लादायचं नाही, हा तो मोठेपणा. प्रस्तावनेत हा शब्द आला १९७६ मध्ये, बेचाळिसाव्या दुरुस्तीने, आणीबाणीत, विरोधी नेते तुरुंगात असताना. पिलू मोदी त्यांपैकीच एक. त्याच वर्षी मसानींनी आपल्या मासिकातल्या मजकुरावर सेन्सॉरने मारलेली फुली मुंबई उच्च न्यायालयाकडून पुसून घेतली होती.

आपण म्हणाल, सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ ला हा प्रश्न निकालात काढला. प्रस्तावनेपुरता काढला, आणि तो निकाल मी मान्य करतो. न्यायालयाने असंही म्हटलं की आपल्याकडे समाजवाद म्हणजे कल्याणकारी राज्य आणि संधीची समानता. खासगी उद्योगाला त्याची आडकाठी नाही. चांगलंच आहे. पण मग माझा प्रश्न आणखी सोपा होतो. प्रस्तावनेतला शब्द राज्याबद्दल आहे. कलम २९अ मधला शब्द नागरिकांच्या संघटनेकडून घेतलेली हमी आहे. संविधानावरची निष्ठा आम्ही लिहून देतोच आहोत, त्यात संविधानात जे आहे ते सगळं आलं. वर आणखी वेगळ्याने समाजवादाची हमी कशाला? अन्नसुरक्षा हवी, सरकारी दवाखाना हवा, पण कारखाने सरकारने चालवू नयेत, असं म्हणणारा पक्ष समाजवादी की नाही, हे ठरवायला न्यायालयाचा निकाल वाचत बसावं लागत असेल तर ती अट सामान्य माणसाच्या अर्जात नको.

"मग अपक्ष लढा की," असंही मला ऐकवलं गेलं आहे. नोंदणी नसलेल्या पक्षाचे उमेदवार कायद्याच्या नजरेत अपक्षच. त्यांना एक सामाईक चिन्ह मिळण्याची आशा नाही, पक्षाला देणग्यांवरची करसवलत नाही. दहा मतदारसंघांत आमचे दहा लोक दहा वेगळ्या चिन्हांवर उभे राहणार, आणि मतदाराने ते एकाच पक्षाचे आहेत हे ओळखायचं! शंभर सभासदांची यादी, शुल्क, वर्तमानपत्रांतली जाहीर सूचना, या नोंदणीच्या बाकीच्या अटी आम्हाला मान्य आहेत. हिशेब तपासायला कुणीही या.

म्हणून आपणा सहाही जणांकडे या मागण्या.

एक. कलम २९अ (५) मधून 'समाजवाद' हा शब्द वगळणारं खासगी विधेयक आपल्यापैकी कुणीही एकाने लोकसभेत मांडावं, आणि बाकीच्यांनी निदान त्याच्या चर्चेला हजर राहावं. खासगी विधेयकं सहसा मंजूर होत नाहीत हे मला माहीत आहे. शेवटचं १९७० मध्ये झालं. पण शुक्रवारी दुपारी का होईना, सभागृहात चर्चा होते आणि सरकारला उभं राहून बोलावं लागतं.

दोन. तेवढं जमत नसेल तर त्या उपकलमाला एक स्पष्टीकरण जोडण्याची मागणी करावी: कायदेशीर आणि लोकशाही मार्गाने वेगळं आर्थिक धोरण मांडणाऱ्या, समाजवादाला उघड विरोध करणाऱ्या पक्षाला एवढ्याच कारणाने नोंदणी नाकारता येणार नाही, आणि मिळालेली काढून घेता येणार नाही.

तीन. येत्या अधिवेशनात विधी व न्याय मंत्र्यांना लेखी प्रश्न विचारावा. या अटीवरून आजवर किती अर्ज नाकारले गेले किंवा परत केले गेले? मुंबई उच्च न्यायालयातल्या १९९६ च्या याचिकेत केंद्र सरकारची भूमिका काय होती आणि आज काय आहे?

चार. आपापल्या पक्षाला समाजवाद मान्य आहे का, हे मुंबईच्या मतदारांना एकदा स्पष्ट सांगावं. 'आहे' म्हणालात तरी मला आनंद होईल, मी वाद घालायला येईन. डिसेंबर १९८० मध्ये वांद्रे रिक्लेमेशनवर भारतीय जनता पक्षाचं पहिलं महाअधिवेशन भरलं, तेव्हा गांधीवादी समाजवाद हे त्यांचं घोषित तत्त्व होतं. ते अजून आहे का, हे विचारायचा हक्क निदान मुंबईकराला असावा.

डाव्या विचारांच्या वाचकांनाही एक विनंती. हे कलम तुमच्या बाजूचं आहे असं समजून गप्प राहू नका. उद्या एखाद्या सरकारने याच यादीत 'मुक्त बाजारपेठ' घातली तर तुमच्या पक्षाला काय लिहून द्यावं लागेल, याचा विचार करा. त्या दिवशीही मी असंच पत्र लिहीन, तुमच्या बाजूने.

उत्तर लेखी आणि मराठीत मिळावं. ते आम्ही दुकानाच्या फळ्यावर जसंच्या तसं लावू, सहा उत्तरांसाठी जागा मोकळी केली आहे. घटनेचा मसुदा गल्ल्याखालच्या खणात आहे. उपकलम बदललं की त्याच आठवड्यात अर्ज जाईल.

आपला,
गिरगावातला एक दुकानदार व मतदार